ताटी आधी कोणी उघडावी?

“पोरगं ऐकत नाही म्हणून माझं डोकं फिरतं,” असे आईबाप म्हणतात. लेकराला सांगता आले असते तर तेही म्हणाले असते, “यांचं डोकं फिरलेलं असतं म्हणून मी ऐकत नाही.” विचार केला तर दोघेही खरे आहेत.

कांद्याचा भाव पडलेला, सोसायटीचा हप्ता थकलेला. बाप त्याच काळजीत घरी येतो. मूल मोबाइल सोडत नाही. एरवी समजावले असते, आज तो खेकसून मोबाइल हिसकावतो. मूल आरडाओरड करते, ताट ढकलते. दिवसभर राबलेली आई शांतता हवी म्हणून मोबाइल परत देते. घर गप्प होते. पण तेवढ्यात मूल शिकते की ओरडले की मिळते. आई शिकते की दिले की सुटका होते. उद्या मूल अधिक ओरडते, आईबाप अधिक त्रासतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात हाच फेरा उलगडून दाखवला.

दिंडीत चालणाऱ्याला हे नवे नाही. टाळ घाई करू लागले की मृदंग धावतो, मृदंग धावला की टाळ आणखी धावतात. आधी कोण चुकले हे शोधून भजन सावरत नाही. कोणीतरी लय धरावी लागते.

घरात ती कोणी धरावी? लोकांच्या वागण्याने उद्विग्न होऊन ज्ञानोबाराय ताटी लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत काढली ती धाकट्या मुक्ताईने. ताटीचे अभंग याची साक्ष आहेत. पण मुक्ताई एखादीच. सात वर्षांच्या लेकराकडून ती अपेक्षा करू नये. दोष दोघांत वाटता येईल, जबाबदारी सारखी वाटता येत नाही. आपल्या घरात ताटी मोठ्यांनीच आधी उघडावी.

याचा अर्थ हट्ट पुरवणे नव्हे. ‘नाही’ म्हणायचे ते शांतपणे म्हणावे आणि त्यावर ठाम राहावे. मूल नीट वागत असेल तेव्हा त्याच्याजवळ बसावे. तरीही फेरा सुटत नसेल तर डॉक्टरांचा, समुपदेशकाचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

आणि हे ओझे एकट्या आईबापावर का? आपण संध्याकाळी देवळात हरिपाठाला जातो, तेव्हा घरी सून चूल, जनावरे आणि रडते लेकरू एकटीच सांभाळत असते. त्या लेकराचे बोट धरून त्याला सोबत न्यावे, हाती टाळ द्यावा. त्याला वळण लागेल की नाही हे पुढचे. त्याच्या आईला घटकाभर श्वास घेता येईल. तीही हरिसेवाच.

वारीत अनोळखी माणसाचा धक्का लागला तरी आपण त्याला ‘माउली’ म्हणतो. घरचा उंबरा ओलांडताना ते तोंड बदलू नये.