पेटीवरचे नाव

एप्रिल उजाडला की मुंबई-पुण्याच्या रस्त्यांकडेला आंब्याच्या पेट्या रचलेल्या दिसू लागतात आणि त्यांतील बहुतेकींवर एकच नाव छापलेले असते : देवगड हापूस. देवगड हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक तालुका. तेथील कातळात खड्डे फोडून, माती भरून वाढविलेली कलमे जेवढी आहेत तेवढीच आहेत. त्यांच्या नावाच्या पेट्या मात्र कितीतरी अधिक. कर्नाटकातून किंवा अन्य भागांतून आलेला, रंगारूपाने जवळपास तसाच दिसणारा आंबा वाटेत कोठेतरी पेटी बदलतो आणि देवगडचा होतो.

२०१८च्या ऑक्टोबरात कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील फळापुरते ते नाव राखले गेले. तरीही पेट्यांवरचे खोटे नाव पुसले गेले नाही. म्हणून २०२५च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावण्याची योजना आणली. ग्राहकाने त्या स्टिकरचे छायाचित्र फोनवरून पाठविले की फळाची खातरजमा होते. पेटीवर नव्हे, फळाफळावर स्टिकर! पिढ्यान्‌पिढ्या केवळ शब्दावर आंबा विकणाऱ्या बागायतदाराला हे ऐकून प्रथम काय वाटले असेल, याचा विचार करून पाहा. ज्याने कधी कोणाला फसविले नाही, त्याने फसविणाऱ्यांच्या पापापायी आपल्या प्रत्येक आंब्याची साक्ष का द्यावी? आणि मोमिनाने मोमिनाविषयी चांगलेच समजावे, ही जी आपल्या दीनची शिकवण आहे, तिचे मग काय होते?

हा प्रश्न आंब्यापुरता नाही. आपल्या घरातील मुले फोनवर खेळ खेळतात. ‘अमुक खेळ मोफत मिळेल’, ‘तमुक खेळातील हिरे फुकट वाटत आहोत’ अशा नोंदी त्यांच्यासमोर दिवसातून दहादा येतात. काही संकेतस्थळे खरोखरच अशी देवाणघेवाण घडवून आणतात. एखाद्याकडे खेळाचा न वापरलेला सांकेतिक क्रमांक असतो आणि तो दुसऱ्याला देऊन टाकतो. पण त्याच यादीत ज्याच्याकडे देण्यासारखे काहीच नाही असाही एकजण शिरतो. त्याला मुलाचा फोन क्रमांक हवा असतो, ओटीपी हवा असतो, किंवा नुसतीच गर्दी हवी असते. अशा स्थळांच्या चालकांपुढे देवगडच्या बागायतदारांपुढचाच पेच उभा राहतो. खोटी नोंद रोखायची तर प्रत्येकाकडे पुरावा मागावा लागतो, आणि पुरावा मागितला की खरोखर देणारा मनुष्य दुखावून निघून जातो.

फुकट देण्यात कसली फसवणूक, पैसे तर घेतले नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक प्रसंग आठवावा. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने त्यांना हाक मारली; ये, तुला काही देते, असे ती म्हणाली. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी बसले होते. त्यांनी विचारले, काय द्यायचे मनात होते? खजूर, असे आईने सांगितले. तेव्हा आपण (स.) म्हणालात की, तू काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. येथे ना व्यवहार आहे, ना किंमत, ना नुकसान. एक आई आहे, एक मूल आहे आणि रिकामी मूठ असण्याची केवळ शक्यता आहे. मायेच्या त्या हाकेचा जर हिशेब आहे, तर हजारो अनोळखी मुलांना एकदम मारलेल्या खोट्या हाकेचा हिशेब किती असेल?

विक्रीच्या बाबतीत तर शिकवण आणखी स्पष्ट आहे. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी विचारले होते की, गिऱ्हाईक माझ्याकडे नसलेली वस्तू मागते, तर ती विकून मग बाजारातून आणून देऊ काय? जे तुझ्याजवळ नाही ते विकू नकोस, असे उत्तर मिळाले. सहीह मुस्लिममधील धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपण अनेकदा ऐकला असेल. बाजारातून जाताना प्रेषितांनी (स.) ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले आणि फसविणारा आमच्यापैकी नव्हे, हा इशारा दिला गेला. या प्रसंगातील एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या माणसाने तोंडाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. पाऊसही खराच होता. त्याने फक्त कोरडे वर आणि ओले खाली ठेवले होते. आंब्याच्या पेटीचा वरचा थर ज्यांनी भरला आहे किंवा निरखला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

याच प्रसंगात आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. ढिगात हात घालण्यापूर्वी त्या विक्रेत्यावर कोणताही आरोप झाला नव्हता. हात धान्यात गेला, माणसाच्या अंतःकरणात नाही. सूरह अल्‌-हुजुरातमध्ये बारावी आयत पुष्कळशा संशयापासून दूर राहण्यास व पाळत न ठेवण्यास सांगते. त्याच सूरहची सहावी आयत बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा देते. दोन्ही आज्ञा सहा आयतींच्या अंतरावर आहेत आणि त्यांत विरोध नाही. संशय माणसाविषयी असतो, शहानिशा त्याने पुढे केलेल्या गोष्टीची असते. ‘हा आंबा देवगडचा आहे’, ‘हा खेळ माझ्याजवळ आहे आणि मी तो देणार आहे’ हे दावे आहेत, आणि दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा हे आपल्या फिकहचे जुने, सर्वमान्य सूत्र आहे.

उरलेले अर्धे उत्तर सूरह अल्‌-बकरहच्या दोनशे ब्याऐंशीव्या आयतीत आहे. कुरआनमधील ही सर्वांत दीर्घ आयत, आणि तिचा विषय कोणता? उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे. ती ईमान बाळगणाऱ्यांनाच उद्देशून आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, कारण त्यामुळे तुम्ही शंकेत पडण्याची शक्यता कमी होते, अशा आशयाचे तिचे सांगणे आहे. म्हणजे लेखी पुरावा अविश्वासातून जन्मत नाही. दोन भल्या माणसांमध्ये उद्या अविश्वास शिरू नये म्हणून तो असतो. त्याच आयतीत लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास देऊ नये, असेही बजावले आहे. खातरजमेची व्यवस्था करणाऱ्यांनी हा भाग पुनःपुन्हा वाचावा. ज्या पडताळणीत खरा माणूसच कागदपत्रांच्या फेऱ्यांत थकून जातो, ती आयतीच्या या भागाला सोडून चालते.

आता दुखावल्या गेलेल्या बागायतदाराकडे परत येऊ. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत प्रेषित (स.) एतिकाफमध्ये असताना हजरत सफिय्या (रजि.) रात्री भेटीस आल्या. त्यांना पोहोचविण्यास आपण (स.) निघालात, तोच दोन अन्सारी जवळून गेले आणि त्यांनी पावले भराभर उचलली. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवून सांगितले, ही सफिय्या आहे. ते दोघे अवाक्‌ झाले. आपल्याविषयी आम्ही संशय घेणार काय, असा त्यांचा भाव होता. सैतान माणसात रक्तासारखा फिरतो, तो तुमच्या मनात काही घालील अशी मला भीती वाटली, असे त्यांना सांगण्यात आले. ज्यांना शत्रूही अल्‌-अमीन म्हणत, त्यांनी न मागता खुलासा केला, आणि तो स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी नव्हे, समोरच्यांच्या मनाच्या रक्षणासाठी. हे वाचल्यावर फळावर स्टिकर लावण्यात कमीपणा कसला राहिला?

पण स्टिकरलाही एक भोक आहे आणि ते आपल्याच बाजूचे आहे. असे क्रमांक बागेच्या उत्पादनाच्या अंदाजाने द्यावे लागतात. समजा, थंडी लांबली, मोहोर करपला, अवकाळी पाऊस झाला आणि फळ निम्म्यावर आले. क्रमांक शिल्लक, आंबा नाही. मुंबईच्या गिऱ्हाइकांकडून आगाऊ रक्कम घेतलेली, कर्ज डोक्यावर, मुलीचे लग्न तोंडावर. अशा वेळी बाहेरचा आंबा आणून त्यावर आपले खरे स्टिकर लावण्याचा मोह व्यापाऱ्याला होणार नाही, तो प्रामाणिक म्हणून नाव असलेल्या बागायतदारालाच होईल. फोन म्हणेल, फळ खरे आहे. स्टिकरची तपासणी त्याला पकडू शकणार नाही. तेथे बाग आणि बागवाला यांच्यात फक्त अल्लाहची नजर उरते. सरळ मार्ग त्या वेळीही उघडा असतो, तो फक्त महाग असतो : यंदा माझे फळ नाही, पैसे परत घ्या, किंवा हा आंबा बाहेरचा आहे, या भावात हवा असेल तर घ्या. दोघे खरे बोलले आणि दोष उघड केला तर व्यवहारात बरकत आहे, लपविले तर बरकत पुसली जाते, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि तिचे कथनकर्ते तेच हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) आहेत.

जाता जाता, कर्नाटकातील त्या आंब्याविषयीही एक शब्द बोलला पाहिजे, कारण त्याच्या वतीने कोणी बोलत नाही. तोही अल्लाहचीच देणगी आहे आणि त्याच्यामागेही कोणा शेतकऱ्याचा घाम आहे. त्यावर देवगडचा शिक्का मारणारा देवगडकराला लुटतो हे आपण जाणतो. पण तो त्या दूरच्या शेतकऱ्याचे नावही पुसून टाकतो. त्याच्या फळाला स्वतःच्या नावाने भाव मिळविण्याची संधीच उरत नाही.

खोटी नोंद पसरविण्यात आपला हात किती, हेही तपासावे लागेल. विकत घ्यायचे नसताना दुसऱ्याला भुलविण्यासाठी बोली वाढविणे, ज्याला नज्श म्हणतात, ते निषिद्ध आहे. न खाल्लेल्या आंब्याला आणि न राहिलेल्या तारकर्लीच्या खोलीला मित्राखातर पाच तारे देणारे त्याहून किती दूर आहेत? आणि ‘मोफत’ दिसताच नातेवाइकांच्या गटावर ढकलून देणारे? ऐकलेले सगळे सांगत सुटणे हे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या इशाऱ्याला फोनचा अपवाद नाही.

एक अडचण मात्र राहतेच. कोकणात अनेक बागा सामायिक सातबाऱ्यावर आहेत. एक हिस्सेदार मुंबईत, दुसरा कुवेतमध्ये, तिसऱ्याचे वारस नोंदलेलेच नाहीत. अशा घरातील एखादी विधवा आचऱ्याला किंवा विजयदुर्गला दहा-वीस कलमांचा आंबा विकते. फळ अस्सल, पण नोंदणीचे कागद जुळत नाहीत, म्हणून स्टिकर नाही. स्टिकर असणे हा पुरावा आहे. ते नसणे हा गुन्ह्याचा पुरावा नाही. तिची पेटी बाजूला सारण्यापूर्वी तिला बाग कोणती, तोड कधीची, एवढे विचारावे, आणि जमल्यास जाऊन पाहावे. आपल्या मोहल्ल्यात तलाठी कार्यालयाचे काम जाणणारा एखादा तरुण असतोच. वारसनोंदीचा अर्ज लिहून देण्यासाठी त्याने या पावसाळ्यात तिच्या अंगणात एक दुपार बसावे. पुढचा मोहोर यायला अजून अवधी आहे.