मोल कशावरून ठरवावे?

धर्मग्रामात एखाद्याची ओळख करून देताना आपण प्रथम काय सांगतो? 'मुलगा परदेशी आहे, वाडीत दुमजली बंगला बांधला.' यात गैर काही नाही. कष्टाची कमाई पाप नव्हे. परंतु ज्याच्याजवळ असे सांगण्यासारखे काही नाही, तो मिस्सा संपताच मान खाली घालून निघून जातो, हे आपल्या ध्यानात येते का?

सुमारे १२०६ साली असिसीच्या फ्रान्सिसने बिशपांसमोर अंगावरची वस्त्रे आपल्या कापड-व्यापारी पित्याला परत केली. गावकऱ्यांनी त्याला वेड्यात काढले. १२२६ साली तो मरण पावला आणि १२२८ साली ख्रिस्तसभेने त्याला संत घोषित केले. परंतु संतपदाने त्याचे मोल वाढले असे नव्हे. तो उघडा उभा होता, तेव्हाही देवाचे लेकरू होताच.

स्नानसंस्काराच्या वेळी आपल्यापैकी कोणाच्याही हाती सातबारा नव्हता. तरीही देवाने आपल्याला आपले म्हटले. त्या नात्याला जागणे, हेच खरे यश. ते नाते त्या मान खाली घालणाऱ्या बांधवाचेही आहे. येत्या रविवारी त्याला थांबवू या आणि त्याच्या मिळकतीची नव्हे, त्याची विचारपूस करू या.