म्हशीच्या अंगात

बसा. पाठ टेकली तरी चालेल. डोळे मिटलेच पाहिजेत असंही नाही.

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वाटेत नेवासे तालुक्यातलं घोडेगाव लागतं. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक इथून वळतात. आपण वळायचं नाही, जनावरांच्या बाजारात थांबायचं. हा बाजार म्हशींसाठी नावाजलेला.

बाजारात शिरण्याआधी एक खेळ समजून घेऊ. हॅम्बुर्गच्या 'मूनआय स्टुडिओज'ने २०१९ साली 'लॉस्ट एम्बर' नावाचा व्हिडिओ गेम काढला. त्यात आपण लांडगा असतो. मारामारी कुणाशीच नाही. वाट अडली की जवळच्या प्राण्यात शिरायचं: पाण्यात मासा, कड्यावर पक्षी, अरुंद भोकातून जायचं तर बुटका वॉम्बॅट. अडथळा जागचा हलत नाही, हलायचं आपण. मला त्या खेळातलं हेच आवडतं. आज तो पडद्याशिवाय खेळू.

समोर दाव्याला बांधलेली म्हैस आहे, दुसऱ्या वेताची. तिचा श्वास ऐका. आपला त्याच्या मागोमाग सोडा. शिरा.

आधी डोळे. ते कपाळाच्या दोन्ही अंगांना सरकलेत. मान न वळवता जवळजवळ सगळा बाजार दिसतो, मागचासुद्धा. नाकापुढची वीतभर जागा आणि शेपटीची थेट मागची बाजू तेवढी निसटते. तांबडा फेटा आणि हिरवा चारा यांतला फरक विटलाय. घाई नको. या नजरेला सरावू द्या.

आता कातडी. ऊन चढलंय. घामाच्या ग्रंथी फार थोड्या, अंग काळं, ऊन पिणारं. घशाला कोरड नाही, तरी तहान आहे. ती पाठीला लागलीय, फऱ्याला लागलीय. डबकं हवं, चिखल हवा. माणूस असताना ही तहान आपल्याला ठाऊक नव्हती. तिच्यात थोडं रेंगाळा.

एक हात येतो, ओठ वर करून दात बघतो. दुसरा कास चाचपतो, सड दाबून पाहतो. पलीकडे रुमालाखाली दोघांची बोटं बोलतायत. तो भाव तुमचाच आहे.

पायाशी गायबगळा आलाय, खुरांनी उडवलेले किडे टिपत. त्याच्यात शिरा. वजन गेलं! पंख उघडा, शेडच्या पत्र्यावर जाऊन बसा. वरून नुसत्या काळ्या पाठी, रांगाच रांगा. उडता आलं खरं, पण रवंथ गेला. पोटातलं परत तोंडात आणून सावकाश चघळण्याचं ते सुख पक्ष्याला नाही. नवी काया काही देते तेव्हा आधीचं काही काढून घेते. खेळातही लांडग्याचा वेग माशाला लाभत नाही, म्हणून तर पुन्हा पुन्हा बदलावं लागतं.

परकायाप्रवेश आपल्याला नवा नाही. याच अहिल्यानगर जिल्ह्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे, आणि नाथांच्या कथा घरोघरी पारायणातून ऐकलेल्या. १८१९ सालच्या 'नवनाथ भक्तिसार'मध्ये मच्छिंद्रनाथ मेलेल्या त्रिविक्रम राजाच्या देहात शिरतात. ते तिकडे राज्य करतात आणि इकडे त्यांचं शरीर जपायचं काम गोरक्षनाथांच्या गळ्यात. मला या कथेत राजापेक्षा राखणदार मोठा वाटतो. तुमची राखण तुमचा श्वास करतोय. तो चालू आहे ना, एकदा बघून घ्या.

आता पत्र्यावरून खाली, परत म्हशीत. सौदा पटलाय. दावं सुटलं. टेम्पोची फळी दणकन खाली पडली. खेळात नकोसं झालं की बटण दाबून निघता येतं. तुम्हाला आत्ताही निघता येईल, म्हशीला नाही. म्हणून लगेच निघू नका. पुढचा पाय फळीवर टाका. खूर घसरतो. कासऱ्याला हिसका बसतो, मागून कुणीतरी पाठीवर थाप मारतं, शेजारची म्हैस अंगाला अंग घासत वर चढते. फळी वर उचलून कडी लागेपर्यंत थांबा, मग बाहेर या.