ओसानचा विद्यार्थी

कोरियात एका माणसाला लोक ‘कोरियाचे गांधी’ म्हणत. त्यांचं नाव चो मान-सिक. टोकियोत कायदा शिकत असताना त्यांना गांधीजींच्या विचारांची ओळख झाली आणि १९२० साली त्यांनी प्योंगयांगमध्ये देशी मालाच्या प्रसारासाठी संस्था काढली. अंगात जाड्याभरड्या सुती कापडाचा आखूड अंगरखा, वागणं साधं. त्याआधी ते ओसान शाळेचे मुख्याध्यापक होते. पगार घेत नसत, वसतिगृहात मुलांसोबत राहत. त्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा पुढे उत्तर कोरियाचा सरसेनापती झाला, संरक्षणमंत्री झाला आणि पंधरा वर्षं राष्ट्रप्रमुखाच्या पदावर राहिला. त्याचं नाव छ्वे योंग-गन.

या शिष्याचं आयुष्य वाचताना एक प्रश्न मला सोडत नाही. शत्रूसमोर जीव पणाला लावणारा माणूस आपल्याच गोटातल्या अन्यायापुढे मान का तुकवतो?

कारण छ्वे भित्रा नव्हता. जपानने १९१० मध्ये कोरिया घशात घातला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. तरुणपणी तो चीनमध्ये गेला, ह्वांपोआच्या लष्करी विद्यालयात प्रशिक्षक झाला आणि डिसेंबर १९२७ मध्ये ग्वांगझूच्या कम्युनिस्ट उठावात लढला. तो उठाव तीन दिवसांत चिरडला गेला, कितीतरी कोरियन तरुण तिथेच पडले. छ्वे वाचला आणि मांचुरियात जाऊन उसुरी नदीकाठच्या राओहे भागात त्याने गनिमी पथकं उभी केली. तिथल्या हिवाळ्यात बंदुकीच्या लोखंडाला उघडा हात लावायची सोय नसते. जपानी फौजेचा वेढा आवळत गेला, तसे उरलेसुरले गनिमी लढवय्ये १९४० च्या सुमारास सोव्हिएत हद्दीत उतरले. खाबारोव्स्कजवळच्या ८८ व्या ब्रिगेडमध्ये छ्वे उपप्रमुख स्टाफ अधिकारी होता. त्याच ब्रिगेडच्या एका बटालियनचा प्रमुख होता किम इल-सुंग, वयाने छ्वेपेक्षा बारा वर्षांनी लहान.

१९४५ मध्ये जपान हरला आणि उत्तरेत सोव्हिएत सैन्य आलं. प्योंगयांगमध्ये सगळ्यात जास्त मान होता चो मान-सिकांना. नोव्हेंबरमध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष काढला. त्यात बहुतेक ख्रिस्ती कार्यकर्ते आणि मध्यमवर्गीय होते. या पक्षाचा उपाध्यक्ष झाला छ्वे योंग-गन, जो विसाच्या दशकापासून कम्युनिस्ट होता. गुरूच्या घरात शिष्य आला, पण सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून, हे आज उघड आहे.

डिसेंबरमध्ये मॉस्कोच्या बैठकीत मोठ्या राष्ट्रांनी कोरियावर काही वर्षं विश्वस्त कारभार ठेवायचं ठरवलं. चो म्हणाले, हे मला मान्य नाही. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी समजावलं, दबाव आणला, ते हलले नाहीत. जानेवारी १९४६ मध्ये त्यांना कोर्यो हॉटेलात नजरकैदेत ठेवलं. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाच्या हातात ना बंदूक होती ना फौज, एक नकार होता, तेवढाच. फेब्रुवारीत त्यांच्या पक्षाचं अध्यक्षपद छ्वेकडे आलं आणि १९५५ पर्यंत त्याच्याकडेच राहिलं. पक्षाचं नाव तेच राहिलं, आतला जीव गेला.

मला इथे छ्वेला खलनायक करून मोकळं व्हायचं नाही. वर्षानुवर्षं ज्याने जंगलात काढली, त्याला हुकूम पाळणं श्वासासारखं झालेलं असतं. गनिमी पथकात एकाने शंका काढली तर दहा जण मरतात. त्या शिस्तीने त्याला जगवलं. पण राज्य चालवणं म्हणजे वेढ्यातून पथक बाहेर काढणं नव्हे. तिथे शंका काढणारा माणूस लागतोच, आणि छ्वे ती सवय मांचुरियातच टाकून आला होता. वयाने आणि हुद्द्यानेही मोठा असून तो किमच्या मागे उभा राहिला. असा ज्येष्ठ माणूस मागे उभा राहिला की पुढच्याला अडवायला कोणी उरत नाही. त्याच्या निष्ठेचं हे ओझं त्याच्या देशाने वाहिलं.

पुढची वर्षं भराभर सरतात. १९४८ मध्ये सेना स्थापन झाली, छ्वे सरसेनापती. त्याच वर्षी संरक्षणमंत्री. मग दक्षिण कोरियाशी तीन वर्षांचं युद्ध, लाखो मृत्यू. डिसेंबर १९५५ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री पाक हन-यंग यांना अमेरिकेचा हेर ठरवून न्यायालयात उभं केलं. पाक जपानी तुरुंगात वर्षानुवर्षं खितपत पडलेले जुने कम्युनिस्ट होते. खटला एका दिवसात आटोपला, शिक्षा फाशीची. न्यायासनावर अध्यक्ष म्हणून बसला होता छ्वे, आयुष्यभराचा सैनिक. १९५७ मध्ये व्याकरणकार किम तू-बोंग यांना राष्ट्रप्रमुखपदावरून दूर केलं, पुढे ते राजकारणातूनच नाहीसे झाले. त्यांच्या खुर्चीतही छ्वेच बसला. त्याला जे जे मिळालं, त्यातलं बरंच असं कुणाला तरी उठवून रिकामं केलेलं होतं. १९७२ मध्ये नवी राज्यघटना आली, किमसाठी राष्ट्राध्यक्षपद निर्माण झालं, तेव्हा छ्वे उपाध्यक्ष झाला. सप्टेंबर १९७६ मध्ये तो वारला. प्योंगयांगजवळ थेसोंग डोंगरावरच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे.

चो मान-सिकांना जून १९५० मध्ये दक्षिणेतल्या दोन कैद कम्युनिस्टांच्या बदल्यात सोडण्याची तयारी उत्तरेने दाखवली होती. तो व्यवहार झालाच नाही, युद्ध पेटलं. ऑक्टोबरमध्ये उत्तरेची फौज प्योंगयांग सोडून मागे हटली, त्या धामधुमीत त्यांना मारलं असं मानलं जातं. देह कधी मिळाला नाही. नजरकैदेत भेटायला आलेल्या पत्नीच्या हाती त्यांनी आपले थोडे केस दिले होते. ते तिने दक्षिणेत नेले आणि चार दशकांहून अधिक काळ जपले. १९९१ मध्ये सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत चो मान-सिकांचं दफन झालं, तेव्हा कबरीत ठेवायला तेवढे केसच होते.