यंत्राचे आयुष्य कोण ठरवितो?



आपल्या वस्तीत आज मोबाईल नाही असे घर शोधावे लागेल. कोणी तो हप्त्याने घेतला आहे, कोणी मजुरीतून पैसे साठवून घेतला आहे. २०२० साली शाळांना टाळे लागले आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले, तेव्हापासून ती वस्तू चैनीची राहिली नाही. पाटी-पुस्तकाइतकी गरजेची झाली. आणि नेमकी हीच वस्तू दोन-अडीच वर्षांत मंदावते. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात न्यावी तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "याचं आयुष्य संपलं, आता नवीन घ्या." हे उत्तर मी ऐकले आहे, तुम्हीही ऐकले असेल. माणूस चडफडतो, कंपनीच्या नावाने बोटे मोडतो आणि दुसऱ्या दिवशी नवा हप्ता सुरू करतो.

आयुष्य संपले, हे ठरविले कोणी? एवढ्या एकाच प्रश्नाचा आज आपण विचार करू.

तुम्ही म्हणाल, हा बाजाराचा प्रश्न, धम्माच्या पाक्षिकात कशाला? तर त्याचे कारण असे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पूज्य बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा 'कपाळी लिहिलेले टळत नाही' ही समजूतही आपण मागे टाकली. कारणावाचून कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण आपण स्वीकारली. माणसाचे प्रारब्ध जर आपण नाकारले, तर यंत्राचे प्रारब्ध निमूटपणे का मानावे? तेथेही कारण शोधलेच पाहिजे.

कारण शोधू लागलो की माणसांचे हात दिसू लागतात. १९२४ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे विजेचे दिवे बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या एकत्र आल्या. जर्मनीची ओसराम आणि हॉलंडची फिलिप्स त्यांत होत्या. त्यांच्या संघाचे नाव फीबस. त्या काळी दिवा दीड ते दोन हजार तास जळत असे. या संघाने ठरविले की तो हजार तासच जळावा. ज्या कारखान्याचा दिवा जास्त टिकेल, त्याला दंड! शास्त्रज्ञांची बुद्धी दिवा सुधारण्याकडे नव्हे, तो वेळेवर मरावा याकडे लावली गेली. घरोघरी लोक म्हणत राहिले, "दिवा गेला." दिवा गेला नव्हता, तो घालविला होता.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने कबूल केले की नव्या सॉफ्टवेअरद्वारे जुन्या आयफोनची गती कमी केली जात होती. कंपनीने कारण दिले की जुन्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले. कारण खरे मानू. पण मग ग्राहकाला सांगितले का नाही? बॅटरी बदलली की काम भागते हे ज्याला ठाऊक नाही, तो नवा फोन घेतो. बोभाटा झाल्यावर कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोचा दंड केला, तो ग्राहकांना ही माहिती दिली नाही म्हणूनच.

तिसरे उदाहरण पुस्तकाचे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके लोकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. ज्याने ती विकायला ठेवली होती त्याला विक्रीचा हक्क नव्हता, हे खरे. पैसेही परत केले, पुढे माफीही मागितली. परंतु पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी. विकत घेतलेला ग्रंथ रात्रीतून कपाटातून नाहीसा झाला आणि उंबऱ्यावर पैसे ठेवलेले दिसले, तर आपण काय म्हणू?

आपण रोज पंचशील घेतो. दुसरे शील, न दिलेले घेऊ नये. चौथे शील, खोटे बोलू नये. ही शीले केवळ गरिबाच्या पोरासाठी आहेत काय? दुकानातून पेन उचलणारा मुलगा चोर, आणि लाखो लोकांच्या कष्टाच्या वस्तूचे आयुष्य गुपचूप कापणारा उद्योगपती? धम्मात दोघांना माप एकच. सम्यक आजीव हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. विकणाऱ्याची उपजीविकाही त्यात मोजली जाते.

येथे दोन चुकीची उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, यंत्रच वाईट, जुने दिवस बरे होते. बंधूंनो, जुने दिवस कोणाला बरे होते? बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. यंत्रयुगाने अनिष्ट गोष्टी आणल्या हे ते मान्य करतात. पण तो दोष यंत्राचा नव्हे, खासगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा, असे ते दाखवितात. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही. म्हणून यंत्र मोडायचे नाही. त्याचा लाभ सर्वांना मिळेल अशी रचना करायची.

दुसरा म्हणतो, दोष तुमच्या तृष्णेचा, फोनचा मोह सोडा. यात अर्धे सत्य आहे. शेजाऱ्याकडे नवा आला म्हणून आपला चालता फोन जुना वाटू लागतो, ही तृष्णाच. लग्नात मिरवण्यासाठी घेतलेला हप्ताही तृष्णाच. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करून एक भाग अडचणीसाठी राखावा असे सांगितले आहे. हप्त्यांनी तो चौथा भाग कधीच खाल्ला आहे. पण मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला फोन ही तृष्णा नव्हे. फसविणाऱ्याचे पाप फसलेल्याच्या तृष्णेवर ढकलणे हा जुनाच डाव आहे. गेल्या जन्मीचे कर्म सांगून आपल्या पूर्वजांनाही असेच गप्प बसविले होते.

मग वस्तू कशी वापरावी? भिक्षूच्या आठ वस्तूंत एक सुई असते. चीवर फाटले तर ते शिवायचे, म्हणून सुई. कोसंबीच्या उदेन राजाने आनंदाला विचारले होते, एवढी पाचशे वस्त्रे घेऊन काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. आणि जीर्ण झालेल्यांचे? त्यांची पांघरुणे, मग अंथरुणे, मग पायपुसणी, आणि शेवटी चिंध्या कुटून, मातीत कालवून लिंपण करू. राजाचे समाधान झाले. आज कंपन्या सुईच हातातून काढून घेतात. फोन असा चिकटवतात की उघडता येत नाही, आणि सुटा भाग बाहेर मिळू देत नाहीत.

फेकलेले यंत्र जाते कोठे, हेही पाहा. दिल्लीच्या सीलमपुरात माणसे जुने संगणक आणि फोन उघड्या हातांनी फोडतात, त्यांतील धातू काढतात, विषारी धूर छातीत घेतात. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपण महाडच्या १९२७ च्या परिषदेनंतर स्वाभिमानाने टाकू लागलो. आता मेलेली यंत्रे ओढण्याचे काम गरिबाच्याच गळ्यात पडत आहे. या देशात कचऱ्याचे काम कोणत्या जातींच्या वाट्याला येते, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून नुसते चडफडू नका. द्वेषाने आपलेच मन जळते, कंपनीचे काही बिघडत नाही. पण मुकाट सोसणे म्हणजेही क्षांती नव्हे. पावती जपून ठेवा. नवीन घेण्याआधी बॅटरी बदलून पाहा, वस्तीतल्या दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला काम द्या. १९१५ या क्रमांकावर ग्राहकांची तक्रार घेतली जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत, वकिलाशिवायही दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा अर्ज वस्तीतल्या शिकलेल्या मुलाने लिहावा. रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास या कामाला दिला तर तेही धम्मकार्यच होय.

यंत्राचे आयुष्य कोठे लिहून ठेवलेले नसते. ते माणसेच ठरवितात. आणि माणसांनी ठरविलेले माणसांना बदलता येते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

जयभीम!