सांडणारं रक्त कुणाचं?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ब्राझीलमधल्या साव पाउलो शहरातली 'अरेना' ही नाटकमंडळी देशाच्या ईशान्येकडच्या गरीब खेड्यांत प्रयोग करत फिरत होती. नाटकाचा शेवट एकदम जोशात व्हायचा. सगळे नट बंदुका उंचावून गायचे, की आपल्या जमिनीसाठी रक्त सांडायला तयार व्हा.

एका प्रयोगानंतर व्हिर्जिलिओ नावाचा शेतकरी भारावून दिग्दर्शकाकडे आला. म्हणाला, तुमचं-आमचं म्हणणं एकच आहे. आधी जेवून घेऊ, मग तुम्ही तुमच्या बंदुका घ्या, आम्ही आमच्या घेतो आणि जमीन बळकावणाऱ्या गुंडांना हाकलून लावू. दिग्दर्शकाची पंचाईत झाली. या बंदुका नाटकातल्या आहेत, त्यांतून गोळी सुटत नाही, असं त्याने सांगितलं. शेतकरी म्हणाला, हरकत नाही, सगळ्यांना पुरतील एवढ्या खऱ्या बंदुका आमच्याकडे आहेत. शेवटी कबूल करावं लागलं, की आम्ही खरे कलावंत आहोत, पण खरे शेतकरी नाही. तेव्हा व्हिर्जिलिओच्या लक्षात आलं, की ही मंडळी जे रक्त सांडायची भाषा करतायत ते त्यांचं नाही, आपलं आहे.

तो दिग्दर्शक म्हणजे ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९). हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. बोआल मूळचा आपल्यातलाच, केमिकल इंजिनिअरिंग शिकलेला. त्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि तिथे नाटकही शिकून आला. आज तुरुंग, शाळा, दवाखाने, वस्त्या अशा ठिकाणी नाटक, चित्र, संगीत घेऊन कसं काम करायचं, हे शिकवणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. लंडनच्या गोल्डस्मिथ्समधला 'अप्लाइड थिएटर'चा एमए हा त्यातला एक नावाजलेला. असल्या कोणत्याही अभ्यासक्रमात बोआल टाळून पुढे जाता येत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. शनिवार-रविवारी हौशी नाटक करते आणि गेलं वर्षभर असा एखादा कोर्स करावा का, या विचारात आहे. फी, व्हिसा, सुटणारी नोकरी हे प्रश्न आहेतच. पण मला अडवणारा प्रश्न व्हिर्जिलिओचा आहे. दुसऱ्याच्या दुःखाला हात घालायचा अधिकार कशाने मिळतो? पदवीने मिळतो का?

अशा कोर्समध्ये प्रत्यक्ष काम असतं. विद्यार्थी एखाद्या गटाबरोबर काही आठवडे खेळ घेतात, प्रसंग उभे करतात, लोक हळूहळू मोकळे होतात. मग विद्यार्थी रिपोर्ट लिहितो, त्याला मार्क मिळतात, पुढे पदवी मिळते. समजा त्या गटातल्या एका बाईने नवऱ्याच्या मारहाणीचा प्रसंग करून दाखवला. संध्याकाळी ती परत त्याच घरात जाते. तिला मार्क नाहीत आणि धोका मात्र सगळा तिचा.

आमच्या कामात 'ऑन-कॉल' नावाचा प्रकार असतो. रात्री तीनला सिस्टीम कोसळली, तर ज्या टीमने तो कोड लिहिला तिच्यातल्याच कुणाचा तरी फोन वाजतो. त्यामुळे कोड लिहिताना हात जरा जपून चालतो. वस्तीत नाटक करून घरी गेलेल्या माणसाचा फोन रात्री तीनला वाजत नाही.

मग जाऊच नये का? ज्याचं दुःख त्यानेच बोलावं, बाकीच्यांनी गप्प बसावं, हे उत्तर नम्र वाटतं, पण ते फार सोयीचंही आहे. ते मान्य केलं की आपल्याला काहीच करावं लागत नाही. शिवाय आपल्याकडचा इतिहासही त्याच्या बाजूने नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. भटजीने नाडलेलं शेतकरी जोडपं शेवटी रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं, असं ते नाटक. जोतीराव काही त्या जोडप्याइतके निरक्षर किंवा नाडलेले नव्हते. पण नाटक ज्या शाळेकडे बोट दाखवतं तशी शाळा ते आणि सावित्रीबाई खरोखर चालवत होते, आणि मुलींच्या शाळेपायी १८४९ मध्येच दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं होतं. म्हणजे प्रश्न फक्त जन्माचा नाही. नाटक जे करायला सांगतं त्याची किंमत सांगणाराही मोजतोय का, हा आहे.

बोआलनेही नाटक सोडलं नाही. जो धोका आपण स्वतः पत्करणार नाही, तो पत्करायचा सल्ला लोकांना द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं. पुढे १९७३ मध्ये पेरूतल्या साक्षरता मोहिमेत तो काम करत होता. फसवणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, असा प्रसंग चालू होता. प्रेक्षक उपाय सुचवायचे आणि नट ते करून दाखवायचे. एका बाईला मात्र नटीचं काही पटेना. मी सांगते ते हे नव्हे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेवटी बोआलने तिलाच रंगमंचावर बोलावलं. तिने झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला चांगला बदडून काढला. प्रेक्षकानेच उठून नाटक बदलायचं, ही 'फोरम थिएटर'ची पद्धत इथून आली. तिच्या मनातलं तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला करून दाखवता येत नव्हतं, ही यातली मोठी गोष्ट.

आपल्या देशात अहमदाबादच्या छारानगरमध्ये १९९८ पासून बुधन थिएटर काम करतंय. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसलेल्या छारा समाजातली ही मुलं. महाराष्ट्रातल्या कंजारभाटांशी त्यांचं नातं आहे. गणेश देवी आणि महाश्वेतादेवी तिथे गेले, वाचनालय उभं राहिलं, आणि त्यातून नाटक सुरू झालं. पहिलं नाटक पश्चिम बंगालमध्ये पोलीस कोठडीत मेलेल्या बुधन शबरवर होतं. बाहेरची माणसं आली, त्यांनी सुरुवातीला हात दिला. पण रंगमंचावर उभं राहून पोलिसांबद्दल बोलतात ती ज्यांच्या दारात पोलीस येऊ शकतात तीच मुलं. काय बोलायचं, किती बोलायचं, हे त्यांचं ते ठरवतात.

म्हणून मला वाटतं, कोर्समध्ये खेळ शिकवता येतात, गट सांभाळायला शिकवता येतं, एखादी बाई बोलता बोलता थांबली तर तिला पुढे ढकलायचं नाही, हेही शिकवता येतं. हे कमी नाही. नुसत्या चांगल्या हेतूने गेलेला अडाणी माणूस जास्त नुकसान करू शकतो. पण अधिकार ही पदवीबरोबर येणारी गोष्ट नाही. तो समोरची माणसं देतात, आणि त्यांना तो कधीही काढून घेता आला पाहिजे.

अर्ज करायचा झाला तर त्यात आपल्याला लिहावं लागतं, की मला हा कोर्स का करायचाय. ते मी लिहीनच. पण त्याआधी त्यांना दोन गोष्टी विचारणार आहे. विद्यार्थ्याचं काम कसं झालं, हे ठरवताना त्या वस्तीतल्या लोकांना कुणी विचारतं का? आणि आमचे आठवडे संपल्यावर तिथे कोण असतं?