समर्थांचे वय

मोहोळ तालुक्यात एक वडवळ आहे आणि लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यात दुसरे. दोन्हीकडे नागनाथ आहे. शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली लिहून झालेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीत नागनाथाचा जन्म वडाच्या ढोलीत होतो आणि तो नऊ नाथांपैकी एक ठरतो. मोहोळ-वडवळच्या नागेश संप्रदायात मात्र त्याची कथा हेगरसाच्या भक्तीभोवती फिरते. याच परंपरेत आलमखान नावाचे मुसलमान कवी होऊन गेले. पोथीतला नाथ आणि गावातला नाथ एकाच सनावळीत बसवायला गेले तर बसत नाहीत. यात्रेला येणाऱ्या माणसाला त्याची अडचण वाटत नाही. तो नारळ फोडतो, कथा ऐकतो आणि दुसरीकडे वेगळी कथा कानावर आली तर तीही मनात ठेवतो.

याच मुलखातला वाचक नारायण धारपांची, अमंगळ शक्तींना थांबवणाऱ्या समर्थांच्या कथांची पुस्तके हातात घेतो तेव्हा मात्र वेगळा वागतो. समर्थांचे वय किती? हे प्रकरण आधीचे की ते? कथा सांगणाऱ्या अप्पा जोशींना या गोष्टी पूर्वीच ठाऊक होत्या, मग इथे ते इतके चकित कसे होतात? समर्थकथा आवडणारी दोन माणसे भेटली की असे प्रश्न निघतातच. हे प्रश्न मला पोरकट वाटत नाहीत. एखाद्या लेखकाचे जग खरे मानल्याशिवाय कोणी त्यातल्या तारखा जुळवायला बसत नाही.

धारप १९२५ साली जन्मले आणि २००८ साली गेले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके आहेत: भयकथा, विज्ञानकथा, कादंबऱ्या. कृष्णचंद्रासारखी पुन्हापुन्हा येणारी माणसे त्यांनी आणखीही घडवली, पण वाचकाच्या घरातला झाला तो समर्थ. ‘समर्थांची शक्ती’, ‘समर्थांचिया सेवका’ अशी पुस्तके वेगवेगळ्या काळात निघाली. लहान गावातल्या वाचकाला ती क्रमाने मिळालीच नाहीत. खाकी कव्हर घातलेली, पाठीवर क्रमांक चिकटवलेली जी प्रत वाचनालयात परत आलेली असेल, ती त्या आठवड्याची पहिली समर्थकथा. पुण्याच्या वाचकाचा समर्थ एका क्रमाने घडला, मोहोळच्या वाचकाचा दुसऱ्याच. कथांना सनावळीचा आधारही फारसा नाही. त्यामुळे प्रत्येक वाचकाने आपापला काळ रचला आणि त्यातली भोके आपापल्या तर्काने बुजवली.

शिवाय या कथा अप्पा जोशी सांगतात. लेखक आणि घटना यांच्यामध्ये साक्षीदार उभा केला, की विसंगतीला राहायला जागा मिळते. शेरलॉक होम्सच्या कथांत हेच झाले. १८८७ सालच्या पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसनला अफगाणिस्तानात गोळी लागली ती खांद्याला; १८९० सालच्या दुसऱ्या कादंबरीत जखम पायात आहे. पुढे एका कथेत जॉन वॉटसनची बायको त्याला जेम्स म्हणून हाक मारते. कॉनन डॉयल घाईने लिहीत होते, हे खरे कारण. वाचकांनी ते मानले नाही. गेली शंभर वर्षे ते त्या जखमेची उत्तरे शोधत आहेत.

रहस्यकथेत हे चालून जाते, कारण तिथे प्रत्येक गुन्हा आपल्यापुरता पुरा असतो. भयकथेची बाब निराळी आहे, आणि माझे म्हणणे इथूनच सुरू होते. भयकथेत दोन प्रकारचे सातत्य असते. एक तपशिलाचे: साल, वय, गावाचे नाव, जखम. दुसरे नियमाचे: अमंगळ शक्तीला काय करता येते आणि काय नाही, ती कुठून आत येते, कशाने थांबते, थांबवणाऱ्याला त्याची कोणती किंमत मोजावी लागते. पहिले सातत्य तुटले तर वाचक कुरकुर करतो. दुसरे तुटले तर तो घाबरायचे थांबतो. उंबऱ्यावरची रेघ काल ओलांडता येत नव्हती आणि आज कारण न देता ओलांडली गेली, तर त्या रेघेवर पुढच्या पुस्तकात कोण भरवसा ठेवणार? समर्थ चाळीस वर्षांचे की साठ, याने काही बिघडत नाही. त्यांचे सामर्थ्य कुठे संपते, ते मात्र ठाम हवे.

स्टीफन किंग यांनी या प्रश्नाशी जेवढी झुंज घेतली तेवढी दुसऱ्या कुणा भयकथाकाराने घेतल्याचे मला दिसत नाही. त्यांच्या कितीतरी कादंबऱ्या ‘द डार्क टॉवर’ या मालिकेला येऊन मिळतात. ‘सेलम्स लॉट’ ही १९७५ सालची कादंबरी. तिच्यातून हरून निघून गेलेला फादर कॅलहन २००३ साली त्या मालिकेत पुन्हा भेटतो. को-ऑप सिटी ही न्यूयॉर्कमधली वसाहत खरी ब्राँक्समध्ये आहे, किंगनी ती ब्रुकलिनमध्ये दाखवली. पुढे त्यांनी ही गोष्ट कथेतच घेतली: ज्या जगात ती ब्रुकलिनमध्ये आहे, ते जगच वेगळे. १९९६ साली त्यांनी ‘डेस्परेशन’ स्वतःच्या नावाने आणि ‘द रेग्युलेटर्स’ रिचर्ड बाकमन या टोपणनावाने एकदमच काढल्या. दोन्हींत तीच नावे आहेत, पण माणसांची नशिबे वेगळी. एका पुस्तकातले आईबाप दुसऱ्यात मुले झालेले.

यातल्या काही क्लृप्त्या गमतीच्या आहेत आणि त्यांना तेवढेच मोल द्यावे. पण जेक नावाच्या मुलाची गोष्ट मला फार मोठी वाटते. ‘द डार्क टॉवर’च्या १९८२ सालच्या पहिल्या खंडात जेक आपल्या जगात गाडीखाली ढकलला जाऊन मरतो आणि मालिकेचा नायक रोलंड याच्या जगात येऊन पोचतो. तिथे रोलंड त्याला दरीत पडू देतो, कारण त्याला त्या मनोऱ्याकडे, ‘डार्क टॉवर’कडे, जायची घाई आहे. १९८७ सालच्या दुसऱ्या खंडात रोलंड त्या ढकलणाऱ्यालाच आवरतो. म्हणजे जेक मेलाच नाही, रोलंडला भेटलाच नाही. दुसरा एखादा लेखक इथे सुटकेचा श्वास घेऊन पुढे गेला असता. किंग तसे करत नाहीत. १९९१ सालच्या तिसऱ्या खंडात दोघांच्याही डोक्यात दोन्ही काळ एकाच वेळी जागे आहेत. मुलगा होता आणि मुलगा नव्हता; मी मेलो आणि मी जिवंत आहे. दोघेही वेडाच्या कडेला येतात. काळाचा फाटा फोडला की त्याचा भार कोणाच्या तरी मनावर पडतो, हे त्या पानांत दिसते. म्हणून मला ती किंगनी लिहिलेल्या उत्तम पानांपैकी वाटतात. जिथे ‘दुसरे जग’ हे नुसते निमित्त असते, तिथे मरणाचे वजन जाते. मेलेला पलीकडच्या जगात जिवंतच असेल, तर रडायचे कशाला?

मराठी वाचकाला काळाचा फाटा नवा नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ सालची ती गोळी विश्वासरावांना लागत नाही, आणि तिथून हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्या वाटेने जातो. ही कथा मराठी मनात रुतून बसली, कारण पानिपतची जखम आपली आहे.

धारप आणि किंग यांचे नाते तर थेट आहे. ‘शपथ’ ही किंगच्या ‘इट’वर बेतलेली, ‘लुचाई’ ही ‘सेलम्स लॉट’वर, आणि ‘आजी’ ही कथा किंगच्या १९८४ सालच्या ‘ग्रॅमा’वर. आता पाहा: मुळात ही पुस्तके एकाच विश्वातली. ‘इट’मधल्या डेरी गावात किंगच्याच २०११ सालच्या कादंबरीचा नायक येऊन त्यातल्या मुलांना भेटून जातो. धारपांनी ती मराठी मातीत आणली तेव्हा हे आतले धागे तुटले. ‘लुचाई’तून कोणत्याही मनोऱ्याकडे वाट जात नाही. हे नुकसान मला वाटत नाही. मराठी वाडा, मराठी नातीगोती आणि देवघरातला दिवा यांत ती भीती नव्याने रुजली. पुढे ‘आजी’चा एक अंश राही अनिल बर्वे यांच्या २०१८ सालच्या ‘तुंबाड’ चित्रपटात उतरला. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले आणि काळ १९१८ ते १९४७ असा झाला. एकाच म्हातारीचे हे तीन काळ. त्यांतला खरा कोणता, हे विचारण्यात मला अर्थ दिसत नाही. कुठे, काय आणि का बदलले, हे विचारण्यात आहे.

हा प्रश्न विचारायची रीत मराठीने सातशे वर्षांपूर्वीच घालून दिली आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा त्यांच्या सहवासातल्या माणसांना विचारून, नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली जमवल्या. ती मूळ प्रत पुढे धाडीत गेली आणि शिष्यांनी लीळाचरित्र आठवणीतून पुन्हा उभे केले. आठवणी जुळल्या नाहीत. तेव्हा महानुभावांनी एक पाठ निवडून बाकीचे पुसले नाहीत. अमक्याने असे सांगितले, तमक्याने तसे, हे नावासकट नोंदवून ठेवले. श्रद्धेचा ग्रंथ असूनही त्यांनी तफावत झाकली नाही. ज्याच्याकडून ऐकले त्याचे नाव राखणे त्यांना महत्त्वाचे वाटले.

धारपांच्या बाबतीत अशी नोंद आपल्याकडे व्हायला हवी. साकेत प्रकाशनासारख्या संस्थांनी त्यांची पुस्तके पुन्हा बाजारात आणली, हे मोठे काम आहे. पण नव्या आवृत्तीवर केवळ नवे साल असेल आणि कथा पहिल्यांदा कधी, कुठे छापली गेली ते नसेल, तर लेखकाने मत बदलले की जुळाऱ्याच्या हातून अक्षर सुटले, हे सांगता येत नाही. किंगनी आपला १९८२ सालचा खंड २००३ साली दुरुस्त करून पुढच्या पुस्तकांशी जुळवून घेतला. ‘द स्टँड’मधली साथ १९७८ सालच्या आवृत्तीत १९८० साली येते, १९९० सालच्या आवृत्तीत १९९० साली. हे सगळे ठाऊक आहे, कारण तिथल्या वाचकांनी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या. समर्थकथांची अशी कालानुक्रमे यादी, प्रत्येक कथेच्या पहिल्या छपाईच्या सालासकट, करायला विद्यापीठाची वाट पाहायचे कारण नाही.

वाचनालयात जुनी, जीर्ण पुस्तके नोंदीतून बाद करून रद्दीला काढली जातात आणि त्यांत पहिली जातात ती लोकांनी सर्वांत जास्त वाचलेली. म्हणून आपल्या तालुक्याच्या वाचनालयात धारपांची जुनी प्रत असेल, तर ती बाद होण्याआधी तिच्या श्रेयपानाचा, अनुक्रमणिकेचा आणि पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवा. नवी आवृत्ती शेजारी घेऊन वाचा. जे वेगळे दिसेल ते साल आणि पृष्ठक्रमांकासह वहीत उतरवा आणि प्रकाशकाला कळवा.